आकड्यांशिवायही निदान
प्रचंड डेटा नसेल तर वैद्यकात एआयचा उपयोग नाही, असं अनेकदा म्हटलं जातं; मला ते पटत नाही. १९८०च्या दशकात, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानात संगणकशास्त्रज्ञ इव्हान ब्रात्को आणि सहकाऱ्यांनी 'कार्डिओ' ही प्रणाली बांधली. तिच्यात नेमकी समीकरणं नव्हती. हृदयात विद्युत आवेग कुठे उमटतो, कुठे अडतो, कुठे उशिरा पोचतो, एवढंच गुणात्मक, म्हणजे आकड्यांविना केलेलं, वर्णन होतं. तेवढ्यावर संगणकाने एकत्र उद्भवू शकणाऱ्या हृदयतालाच्या बिघाडांचे दोन हजारांहून जास्त संयोग आणि त्यांचे ईसीजी कसे दिसतील हे शोधलं! शिवाय निदानामागचं कारण साखळीने मांडता येतं. रक्तदाब घसरतोय, नाडी वाढतेय, म्हणजे आत रक्तस्राव असेल का, असाच आकड्यांविना विचार डॉक्टरही करतात. ईसीजी वाचणाऱ्या आजच्या न्यूरल नेटवर्कना, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालींना, अशा गुणात्मक तर्काची जोड मिळायलाच हवी.