मदत हवी आहे : पेपर हातात आला की मुलगी गोठते

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला गणित शिकवतो. वर्गातली एक मुलगी घटक चाचणीत अर्धा तास नुसती बसून राहिली. हातातलं पेन हललं नाही, पेपर घामाने ओला. जवळ गेलो तर हळूच म्हणाली, "सर, मना डोकामा काहीच ऱ्हास नही." (डोक्यात काहीच राहत नाही.)

पेपर काढून घेतला, गुण लिहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसवून तोच पेपर दिला आणि मी वह्या तपासत बसलो. पाचपैकी तीन प्रश्न बरोबर! म्हणजे येतं तिला. नंतर दोनदा असंच केलं. आता मात्र पोरं कुजबुजतात, "सरांची लाडकी". त्यामुळे तीच यायला कचरते.

घरी कापूस वेचणी चालू आहे, सकाळी शेतात जाऊन मग शाळा. वडिलांना सांगायचं धाडस होत नाही. "झेपत नसेल तर राहू दे" म्हणतील. १४४१६ हा टेली-मानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) नंबर दिला, पण घरातला एकमेव फोन वडिलांच्या खिशात. शाळेत समुपदेशक नाही.

बोर्डाला बीजगणित-भूमितीचे प्रत्येकी ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे पेपर. शेवटची वाढीव १० मिनिटं हिच्या काय कामाची? ही अडते सुरुवातीलाच. आणि तिथे मी नसणार.

अशी मुलं ज्यांनी हाताळलीत त्यांना विचारतो : पेपर हातात आल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी तिला नेमकी कोणती सवय लावू, जी सगळ्या वर्गाकडूनच करून घेता येईल, म्हणजे ती एकटी वेगळी दिसणार नाही?