शब्दचर्चा : कक्षेचा 'पात'

प्रश्न : 'आरोही पात' या संज्ञेतला पात म्हणजे पडणे ना? मग चढणारं पडणं हा काय प्रकार?

उत्तर : चढतो तो ग्रह किंवा उपग्रह, बिंदू नव्हे. कक्षा संदर्भप्रतलाला (मोजमापासाठी आधार धरलेल्या सपाट पातळीला) छेदते ते दोन बिंदू म्हणजे पात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना लागतो तो आरोही, परतताना लागतो तो अवरोही. चंद्रासाठी संदर्भप्रतल क्रांतिवृत्ताचं (सूर्याच्या आकाशातल्या भासमान वार्षिक मार्गाचं), पृथ्वीच्या कृत्रिम उपग्रहासाठी विषुववृत्ताचं. कोणतं प्रतल ते सांगितल्याशिवाय पाताचे अंश निरर्थक.

शब्द 'पत्' धातूवरून. 'संपात'ही त्याच कुळातला, पण मराठीत तो क्रांतिवृत्त आणि विषुववृत्ताच्या छेदालाच राखून ठेवलाय (वसंतसंपात, शरदसंपात). चंद्रकक्षेला 'संपात' लावू नये.

दुसरं उत्तर : लिंग सांभाळा. 'तो पात सरकला'. 'ती पात' कांद्याची. ती 'पत्र'वरून आलेली, कक्षेच्या पाताशी तिचं नातं नाही. जुने ग्रंथ वाचताना आणखी एक खड्डा : सूर्यसिद्धान्तातला 'पाताधिकार' या पातांबद्दल नाहीच. तिथे व्यतीपात आणि वैधृत, म्हणजे सूर्य-चंद्रांच्या क्रांती (विषुववृत्तापासूनची कोनीय अंतरं) समान होण्याची गणितं आहेत.

प्रश्न : मग राहू-केतू?

उत्तर : चंद्राचे आरोही आणि अवरोही पात, कायम 180 अंशांवर. चंद्रकक्षा सुमारे 5 अंश कललेली. सूर्याच्या ओढीने तिचे पात उलट दिशेने रोज सरासरी 3 कलांच्या (60 कला म्हणजे 1 अंश) आसपास सरकतात, फेरी 18.6 वर्षांची. पात असा सामोरा येत असल्यामुळे चंद्र त्याच पाताशी 27.2122 दिवसांत पोचतो, त्याच ताऱ्याशी मात्र 27.3217 दिवसांत. ग्रहणाच्या गणितात या दोन महिन्यांची गल्लत केली की चूक साचत जाते. दोन पंचांगांतला राहू सुमारे दीड अंशापर्यंत वेगळा दिसला तर लगेच चूक समजू नका. एकात मध्यम (सरासरी गतीने काढलेला) राहू असेल, दुसऱ्यात स्पष्ट (प्रत्यक्ष जागेचा).

तिसरं उत्तर : उपग्रहवाल्यांसाठी एक पुस्ती. कक्षेचा कल शून्य झाला की पातच उरत नाही. कल अगदी थोडा असला तरी पाताचा कोन किरकोळ बदलानेही उड्या मारतो, आणि त्यापासून मोजलेला उपभूचा (कक्षेतल्या पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूचा) कोनही. अशा वेळी दोन्ही कोनांची बेरीज वापरावी, ती स्थिर राहते. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असेल तर तीही डळमळते. मग उपग्रहाचा उपभूपासूनचा कोनही तिच्यात मिळवावा.