एटीएफच्या (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या) डब्यावर 'सर्व गाड्यांसाठी' लिहिलंय, घालावं का?

मागचीसीट
टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक, ९०,००० किमी झालेत. मॅन्युअलमध्ये 'टोयोटा एटीएफ डब्ल्यूएस' एवढंच दिलंय. मिळतंय ते असं: कंपनीचं डब्ल्यूएस, एक डेक्स्रॉन-६, आणि एक 'सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी' छापलेलं. तिन्ही लालच. शिवाय टाइप टी-४ चा एक न फोडलेला डबा पडून आहे, तो वापरला तर काय बिघडेल? गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. मग पातळी बघायची कशी, आणि तेल आणायचं किती लिटर?

क्लचपॅक
आधी रंग डोक्यातून काढून टाका. लाल हा नुसता रंग आहे, गाडीखाली थेंब पडला तर इंजिन ऑइल की एटीएफ ते कळावं म्हणून घातलेला. झेडएफच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समधलं तेल हिरवं असतं. लाल म्हणजे सगळी एकच, असं अजिबात नाही.

टी-४ डबा बाजूला ठेवा. टी-४ म्हणजे जेडब्ल्यूएस ३३०९ आणि डब्ल्यूएस म्हणजे जेडब्ल्यूएस ३३२४, ही दोन वेगळी स्पेसिफिकेशन्स आहेत आणि टोयोटा स्वतःच त्यांची अदलाबदल करू नका म्हणते. १०० अंशांना टी-४ ची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ७ सेंटिस्टोकच्या आसपास, डब्ल्यूएसची साडेपाचच्या. गिअरबॉक्समधले सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) किती मिलिसेकंदात किती दाब सोडायचा हे पातळ तेल धरूनच ठरवलेलं असतं. दाट तेल घातलं की थंडीत गिअर उशिरा पडतो आणि पडतो तो आचका देऊन.

व्हिस्कॉसिटी जुळली म्हणजे झालं असंही नाही. एटीएफचं खरं वेगळेपण घर्षणात आहे. क्लचच्या प्लेटा याच तेलात बुडालेल्या असतात, त्यामुळे तेलाने गिअर-बेअरिंगना घसरू द्यायचं आणि प्लेटांना मात्र मोजूनमापून धरू द्यायचं, अशी दुहेरी कसरत असते. त्यात हल्लीचे गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) पूर्ण न आवळता मुद्दाम थोडा घसरता ठेवतात. फ्रिक्शन मॉडिफायर (तेलातलं घर्षण ठरवणारं रसायन) चुकीचा असला की तो क्लच धर-सोड, धर-सोड करतो. ताशी ५०-७० च्या वेगात हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला की रंबलरवरून गाडी गेल्यासारखी थरथर येते ती हीच. बरेच जण ती इंजिन माउंटिंगची समजून माउंटिंग बदलत बसतात.

वंगणवही
डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. 'मान्यताप्राप्त' आणि 'साठी योग्य' यांत फार फरक आहे. पहिल्यात गाडीच्या कंपनीने तेल तपासून परवाना दिलेला असतो, बहुतेक वेळा नंबरसकट. दुसऱ्यात तेलवाला स्वतःच सांगतोय की चालेल. 'सर्व गाड्यांसाठी'वाले डबे जवळपास सगळे दुसऱ्या जातीचे. सगळीच वाईट असतात असं नाही. चांगल्या कंपनीचं, यादीत जेडब्ल्यूएस ३३२४ स्पष्ट लिहिलेलं तेल मी नाकारणार नाही. पण ज्या यादीत डेक्स्रॉन-३, डब्ल्यूएस आणि सीव्हीटी (पट्टा-पुलीचा ऑटोमॅटिक) एकाच दमात आहेत, तो डबा खाली ठेवा.

डेक्स्रॉन-६ डब्ल्यूएसच्या जवळपास तितकंच पातळ आहे, म्हणून लोकांना मोह होतो. पण ते जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) क्लचसाठी जुळवलेलं आहे. डब्यावर जेडब्ल्यूएस ३३२४ नसेल तर नको.

ओव्हरड्राइव्ह
डेक्स्रॉन-३ लागणाऱ्या जुन्या गाडीत मात्र डेक्स्रॉन-६ बिनधास्त घाला, जीएमनेच ते मागच्या तेलांच्या जागी चालेल असं बनवलंय.

वंगणवही
जीएमच्या गिअरबॉक्सपुरतं बरोबर. दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या गिअरबॉक्सवरही 'डेक्स्रॉन-३' लिहिलेलं असतं, तिथे 'बिनधास्त' म्हणवत नाही. ते दाट तेल धरून बनवलेले. झिजलेल्या सीलमधून पातळ तेल जास्त निसटतं आणि गरम झाल्यावर दाब उतरतो. फोर्डचंही असंच, मर्कॉन-५ च्या जागी मर्कॉन एलव्ही चालत नाही. नवा नंबर जुन्याची जागा घेतो, असं गृहीतच धरू नका.

निळीकिल्ली
मध्येच विचारतो, सीव्हीटीला डब्ल्यूएस चालेल का? तोही ऑटोमॅटिकच ना?

क्लचपॅक
नाही, आणि ही चूक सगळ्यांत महागात पडते. सीव्हीटीत स्टीलचा पट्टा दोन पुलींमध्ये नुसता दाबून धरलेला असतो. धातूवर धातू घसरू नये यासाठी तिथलं तेल वेगळं असतं, उदाहरणार्थ निस्सानचं एनएस-३, होंडाचं एचसीएफ-२. साधं एटीएफ घातलं की पट्टा घसरतो, पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चरे पडतात, आणि मग योग्य तेल भरूनही ते चरे जात नाहीत. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. त्याला ७५डब्ल्यू-८० सारखं गिअर ऑइल आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरला वेगळं हायड्रॉलिक तेल. ड्युअल क्लचचं तेल पुन्हा तिसरंच.

तेलमाप
आता मागचीसीट यांच्या लिटरांबद्दल. अशा गिअरबॉक्सची एकूण क्षमता साधारण ७ लिटर धरा (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये). ड्रेन प्लग काढला तर ३ लिटरच्या आसपास निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकून राहतं. म्हणजे एका वेळी ४३ टक्केच तेल नवं होतं. दुसऱ्यांदा ६७, तिसऱ्यांदा ८१. तीन वेळा करायचं तर ९ लिटर आणि हाताशी १ जास्तीचं, असे १० आणा. दोन बदलांमध्ये शे-दोनशे किमी चालू द्या म्हणजे नीट मिसळतं.

क्रम चुकवू नका. आधी फिलर प्लग सैल होतोय का बघा, मगच ड्रेन उघडा. गंजलेला फिलर फिरलाच नाही तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने उभी राहते. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात घ्या आणि निदान तेवढं तरी भरा. चेंबर (गिअरबॉक्सखालचा तेलाचा ट्रे) उघडणार असाल तर चुंबकावरची करडी मऊ पेस्ट ही क्लच आणि गिअरची नेहमीची झीज, ती पुसून टाका. बोटाला टोचणारे कपचे सापडले तर तेल बदलून काही होणार नाही. आणि तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलंय. कूलंटमधल्या ग्लायकॉलने प्लेटांवरच्या अस्तराचा डिंक सुटतो, तशी गाडी चालवू नका.

ओव्हरड्राइव्ह
एवढी खटपट कशाला, मशीन फ्लश एकदाच करा, शंभर टक्के नवं.

तेलमाप
कूलरच्या नळीला जोडून गिअरबॉक्सच्या स्वतःच्या पंपाने तेल बदलणारं मशीन असेल तर ठीक, फक्त तेल १० ते १२ लिटर जातं. बाहेरून दाब देणारं किंवा क्लीनिंग केमिकल ओतणारं नको. ९०,००० किमीचा साचलेला गाळ त्याने उठतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत जाऊन बसतो.

मागचीसीट
डब्ल्यूएसच घेतो. दोन शंका. डिपस्टिकशिवाय पातळी? आणि गाडी रॅम्पवर घेऊन प्लग काढला तर पाव लिटरही आलं नाही, मग थांबलंच. गिअरबॉक्स रिकामा होता का?

क्लचपॅक
रिकामा नाही. तुम्ही ओव्हरफ्लोचा प्लग काढलात. त्याच भोकात बोटभर उंचीची प्लास्टिकची नळी आत उभी असते. त्या नळीच्या तोंडापेक्षा वर असलेलं तेवढंच तेल बाहेर आलं. आत डोकावून बघा, षटकोनी खाच दिसेल. बहुतेक ठिकाणी ६ मिमीची अ‍ॅलन की लागते. नळी फिरवून काढलीत की खरं ड्रेन होईल. परत बसवताना हातानेच, टेकली की थांबा. जोर लावला तर आटे तुटतात आणि पातळी मोजायचं साधनच जातं.

पातळी अशी: निघालं तेवढं आणि वर पाव लिटर भरा. फिलर हातानेच लावून गाडी सपाट उभी करा, म्हणजे चारही चाकं सारख्या उंचीवर. इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत पी पासून शेवटपर्यंत आणि परत पी. स्कॅनरवर एटीएफचं तापमान बघत राहा. पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात आलं की, साधारण ४० अंशांच्या आसपास, इंजिन चालू ठेवूनच ओव्हरफ्लो प्लग काढा. धार येऊन तिची थेंब-थेंब झाली की नवं वॉशर घालून बंद करा. काहीच आलं नाही तर फिलरमधून थोडं थोडं भरा.

तापमानाचा हट्ट यासाठी की तेल फुगतं. ७ लिटर तेल ४० वरून ९० अंशांवर गेलं की साधारण पाव लिटरने वाढतं. गाडी फिरवून आणून गरम असतानाच मोजलीत तर थेंब-थेंब बरोबर दिसेल आणि थंड झाल्यावर तेवढंच कमी भरेल. सकाळी रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर थबकून मग मागे सरकायला लागली, तर आधी तेच तपासा.