जिंकणाऱ्या टीमचा क्वार्टरबॅक बदलावा का? बॅकअपला नेमकं कधी उतरवायचं?

अटलांटाकर

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, पण इकडची बरीच मंडळी शनिवारची कामं गेमच्या वेळेप्रमाणे लावतात हे मला पक्कं ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात: जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. पास कुणाला द्यायचा, की स्वतःच पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. ही जागा एकाचीच असते. त्यामुळे दुसरा मुलगा, म्हणजे बॅकअप, कितीही गुणी असला तरी बाकावर बसतो.

माझं म्हणणं असं, की बॅकअप सरस आहे हे कोचला दिसायला लागलं, की टीम जिंकत असतानाच त्याला स्टार्ट द्यावा, म्हणजे पहिल्यापासून खेळवावं. हरण्याची वाट बघू नये.

मी जॉर्जियाच्या बाजूचा. ८ जानेवारी २०१८ ला इथे अटलांटातच राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना होता, अलाबामाविरुद्ध. हाफटाइमला आमचे १३, त्यांचे ०. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स तोवर पासवर २१ यार्डच मिळवू शकला होता. आमच्याकडे दहा-बारा जण जमले होते, ओट्यावर संक्रांतीचे तीळ भाजून ठेवलेले होते, आणि सगळ्यांनी मनातून कप घेऊन टाकला होता. दुसऱ्या हाफला त्यांचा कोच निक सेबनने टुआ टॅगोव्हायलोआला उतरवलं. पहिल्या वर्षाचा, डावखुरा पोरगा. त्याने एक इंटरसेप्शनही दिलं, म्हणजे पास आमच्याच हातात टाकला, तरी सेबनने त्याला काढलं नाही. ओव्हरटाइममध्ये आमच्या पोरांनी त्याला १६ यार्ड मागे आडवा केला तेव्हा आम्ही घर डोक्यावर घेतलं. दहा यार्ड पुढे जायला चार संधी, म्हणजे डाउन, मिळतात; त्यांचा दुसरा डाउन, २६ यार्ड हवेत. पुढच्या चालीत तो उजवीकडे बघत राहिला, आमचा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) तिकडे ओढला गेला, आणि चेंडू डावीकडे डिव्हॉन्टा स्मिथच्या हातात. ४१ यार्ड, टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये), २६-२३. घरात कुणी बोलेना.

लोक याला सेबनचं धाडस म्हणतात. मला त्यात उशीरच दिसतो. हा मुलगा सरावात वर्षभर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांच्या किकरची किक चुकली असती तर जगाला टुआ पुढच्या सप्टेंबरमध्ये कळला असता.

कोलंबसची ताई

त्यांच्या किकरची किक चुकलीच होती हो, शेवटच्या क्षणी, ३६ यार्डांवरून. म्हणून तर ओव्हरटाइम झाला. असो, मुद्द्याला अगदी विरोध.

आमच्या ओहायो स्टेटचं बघा. २०१४ ला ब्रॅक्स्टन मिलर सीझनआधीच जखमी झाला, मग जे. टी. बॅरेट आला, मिशिगनविरुद्ध त्याचाही घोटा मोडला. उरला तिसरा, कार्डेल जोन्स. त्याने विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५, ओरेगॉनला ४२-२० हरवून विजेतेपद आणलं. तीन सामने, तिन्ही डोंगराएवढे. सगळं कोलंबस रस्त्यावर आलं होतं.

आणि पुढच्या वर्षी? जोन्स आणि बॅरेट दोघंही हजर, दोघंही लायक. कोच अर्बन मायरने आधी जोन्सला दिलं, मग बॅरेटला, मधे परत जोन्सला, परत बॅरेटला. इतकी गुणी टीम आणि ऑफेन्सला लय म्हणून सापडली नाही. नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर मिशिगन स्टेटकडून १७-१४ हरलो आणि प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी) गेली. "सरस दिसला की बदला" म्हणता, पण आज हा सरस दिसतो, पुढच्या शनिवारी तो. एकदा बदलायची सवय लागली की दोघांच्याही पायाखाली जमीन राहत नाही. एक चूक झाली की पोरगं आधी बाकाकडे बघतं.

लाईनवाला

सरावात दिसतं असं अटलांटाकर म्हणतात त्यावर थोडं. सीझन सुरू असताना आठवड्याचा सराव मोजका असतो आणि पहिल्या संचासोबतच्या बहुतेक चाली स्टार्टरला मिळतात. बॅकअप उरलेल्या चाली घेतो, तेही दुसऱ्या फळीच्या लाईनमागे (लाईन म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची रांग) आणि दुसऱ्या फळीच्या रिसीव्हरांना (पास पकडणाऱ्यांना). तो तिथे चमकला तर किती मोजायचं? आणि नाही चमकला तर किती?

दुसरं, बदल एका माणसाचा नसतो. टुआ डावखुरा. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक पासला वळला की त्याची पाठ डावीकडे असते, म्हणून टीमचा सगळ्यात भरवशाचा टॅकल (लाईनच्या टोकाचा रक्षक) डावीकडे उभा करतात. डावखुरा आला की ती आंधळी बाजू उजवीकडे जाते. चेंडूही उलटा फिरत येतो, रिसीव्हरच्या हातांना त्याचीही सवय लागते. स्नॅपसाठी (चेंडू मागे देण्यासाठी) हाक देण्याची पद्धत, आवाजाचा चढउतार, सगळं नव्याने. हे हाफटाइमच्या वीस मिनिटांत होत नाही. त्या रात्री झालं, हे मान्य.

केरोलायनातला मावळा

यावर उत्तर क्लेम्सनने २०१८ ला दिलंय. केली ब्रायंटने आदल्या वर्षी टीम प्लेऑफमध्ये नेली होती, तिथे अलाबामाने २४-६ हरवलं. नव्या सीझनला पहिल्या वर्षाचा ट्रेव्हर लॉरेन्स आला. कोच डॅबो स्विनीने पहिल्या चार सामन्यांत स्टार्ट ब्रायंटला दिला, पण लॉरेन्सला प्रत्येक वेळी खऱ्या ड्राइव्ह (सलग चालींच्या चढाया) दिल्या, समोरच्यांच्या पहिल्या फळीविरुद्ध. चारही जिंकले. आणि चौथ्यानंतर स्टार्टर बदलला! लाईनवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच: सरावावर भागत नसेल तर सामन्यात बघा, पण लवकर बघा. शेवट १५-०, म्हणजे पंधराही सामने जिंकून, आणि अंतिम सामन्यात अलाबामावर ४४-१६.

कोलंबसची ताई

आणि ब्रायंटचं काय झालं तेही सांगा की. दोन-तीन दिवसांत त्याने टीम सोडली. त्याच वर्षी नवा नियम आला होता: चारपर्यंतच सामने खेळलात तर कॉलेजकडून खेळण्याच्या वर्षांतलं ते वर्ष वाया जात नाही. त्याचे बरोबर चार झाले होते. त्याच शनिवारी सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्स दुसऱ्या क्वार्टरमध्ये मार लागून बाहेर गेला आणि तुमच्याकडे उरला चेस ब्राइस, जो आठवड्यापूर्वी तिसऱ्या नंबरवर होता. तो सामना हरला असतात तर १५-० कुठलं?

केरोलायनातला मावळा

हरलो नाही ना पण. ब्राइसने ९४ यार्डांची ड्राइव्ह काढली, मधे चौथ्या डाउनवर ६ यार्ड हवे असताना टी हिगिन्सला पास दिला, आणि ४१ सेकंद उरले असताना एटीएनने टचडाउन केला. २७-२३. मी तिथे होतो. माझ्या शेजारचे आजोबा चौथ्या डाउनला डोळे मिटून बसले होते, मी त्यांना ओरडून सांगितलं पकडला म्हणून. धोका होता, कबूल. पण ब्रायंटला ठेवलं असतं तर लॉरेन्स किती थांबला असता? आता तर ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजात जायला वर्षभर बाकावर काढावं लागत नाही.

ठाण्याचा बुलडॉग

अटलांटाकर, तुम्ही आपल्याच टीमचं २०२१ विसरलात. जे. टी. डॅनियल्स स्टार्टर होता, दुखापत झाली, स्टेटसन बेनेट आला. बेनेट म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये शिरलेला, उंचीने लहान. डिसेंबरमध्ये अलाबामाने ४१-२४ धुतलं, बेनेटची दोन इंटरसेप्शन. तेव्हा अर्धं जॉर्जिया "डॅनियल्सला आणा" म्हणून ओरडत होतं. तुम्हीही ओरडला असाल. कोच कर्बी स्मार्ट हलला नाही. अंतिम सामन्यात परत अलाबामा, चौथ्या क्वार्टरमध्ये बेनेटच्या हातून चेंडू निसटला, आपण १८-१३ ने मागे. पुढच्याच ड्राइव्हला त्याने मिचेलला ४० यार्डांचा टचडाउन पास दिला, मग बाउअर्सला १५ चा. ३३-१८. ४१ वर्षांनी विजेतेपद. पुढच्या वर्षी परत.

अटलांटाकर

ओरडलो होतो. चूक माझी होती आणि स्मार्ट बरोबर होता. पण ते उदाहरण माझ्या बाजूचंच आहे. बेनेट स्वतःच बॅकअप होता, डॅनियल्स बरा झाल्यावरही स्मार्टने नावाकडे बघून जागा परत दिली नाही. आणि पराभवानंतर घाबरून बदल केला नाही, हेही माझं म्हणणंच. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला निर्णय हा लोकांच्या आवाजाचा असतो.

ताईंच्या २०१५ वर मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की एकदा बदलावं आणि सीझनभर तसंच ठेवावं.

कोलंबसची ताई

मग ज्याला काढलं त्याचं काय करायचं? हर्ट्सने स्टार्टर म्हणून २८ पैकी २६ सामने जिंकले होते. वय एकोणीस. अशा पोराला सगळ्या देशासमोर बसवता आणि वर त्याने तयारही राहावं म्हणता.

अटलांटाकर

हो, राहावं, आणि कोचने त्याला तसं ठेवावं. १ डिसेंबर २०१८ ला मी त्याच स्टेडियममध्ये होतो, परत अलाबामा-जॉर्जिया. आम्ही २८-२१ ने पुढे, टुआचा घोटा गेला, आणि वर्षभर बाकावर बसलेला हर्ट्स आत आला. पासवर बरोबरी केली. २८-२८ वर आमच्याकडे चौथा डाउन, ११ यार्ड हवेत. आमचा बॅकअप होता जस्टिन फील्ड्स, देशातल्या सगळ्यात गुणी पोरांपैकी एक. वर्षभर आम्ही त्याला जिंकून झालेल्या सामन्यांचा शेवट खेळायला दिला होता. आता त्याला पंटच्या (चेंडू लांब मारून समोरच्यांना देण्याच्या) रचनेत उभं केलं. वरच्या रांगेतून मलासुद्धा तो दिसला, मग अलाबामाला दिसणार नाही का? पंट न मारता तो पळाला आणि तिथेच आडवा झाला. चेंडू त्यांच्याकडे गेला. काही चालींनी हर्ट्स १५ यार्ड पळत आमच्या एंड झोनमध्ये शिरला, ३५-२८.

महिनाभरात फील्ड्स तुमच्याकडे, ओहायो स्टेटला आला, ताई.