ईएसपी३२ बोर्ड लॅपटॉपला दिसतच नाहीये, आणि टाकीला लावायचा कसा?

टाकीवाली (विक्रोळी)

नमस्कार मंडळी, आधीच सांगते, मी बँकेत काम करते, इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध रिमोटचे सेल बदलण्यापुरता, तेव्हा सांभाळून घ्या. आमच्या बिल्डिंगला पालिकेचं पाणी पहाटे येतं, खालच्या टाकीतनं पंपाने गच्चीवर चढवायचं आणि वॉचमनचा जरा डोळा लागला की वरची टाकी भरून पाणी जिन्यातनं खाली, मग मीटिंगमध्ये तासभर त्यावरच चर्चा. म्हटलं वरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली केबिनमध्ये दिसलं तर? एका व्हिडिओवरून यादी काढली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरनं ईएसपी३२चा ३० पिनवाला बोर्ड (कोड टाकून चालवायचा छोटा कॉम्प्युटरच म्हणे), आवाजाने अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, वायरी खोचून जोडायचा ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी घेऊन आले.

आता लॅपटॉपला लावलं की बोर्डवर लाल लाइट लागते पण बोर्डात कोड टाकायच्या अर्दुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टच दिसत नाही. केबल घरातलीच, पॉवर बँकेबरोबर आलेली. बोर्ड मेलेला मिळालाय का? मिस्टर म्हणतायत अर्दुइनोचा उनो बोर्ड घ्यायला हवा होतास, तो सोपा असतो. खरंय का?

कुर्ला_स्लो

बोर्ड एकदम ठीक असणार, आधी केबल बदला. पॉवर बँकेबरोबरच्या बऱ्याच केबलींमध्ये पॉवरच्या दोनच तारा असतात, डेटाच्या तारा टाकलेल्याच नसतात, म्हणून लाइट लागते पण लॅपटॉपला काही कळत नाही. कुठल्याही केबलने मोबाइलमधला फोटो लॅपटॉपवर कॉपी होत असेल तर ती केबल चालेल.

तरी नाही आलं तर यूएसबीच्या सॉकेटजवळची, लॅपटॉप आणि बोर्डाचं बोलणं जुळवणारी छोटी चिप बघा. चौकोनी, पाय न दिसणारी असेल तर बहुतेक सीपी२१०२. लांबट आणि दोन्ही बाजूंना पाय असतील तर सीएच३४०. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम केलंत तर नंबर वाचता येतो. त्या नंबरचा ड्रायव्हर टाका, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण जाऊन कॉम पोर्ट आला की झालं. मग अर्दुइनोच्या बोर्ड्स मॅनेजरमधनं एस्प्रेसिफचं (ईएसपी३२ बनवणारी कंपनी) ईएसपी३२चं पॅकेज घ्या, मोठं आहे, वायफायवरनं घ्या, मोबाइल डेटावर नको.

अपलोड करताना 'कनेक्टिंग' लिहून नुसते ठिपके येत राहिले तर घाबरू नका, बोर्डवरचं बूट लिहिलेलं बटण दाबून धरा, टक्के दिसायला लागले की सोडा. काही बोर्डांना प्रत्येक वेळी हे लागतं.

आणि प्लीज, आधी फक्त लाइट उघडझाप करणारा ब्लिंक चालवा, सेन्सर लांब ठेवा. तीन गोष्टी एकदम जोडल्या आणि चाललं नाही की चूक कुठे आहे हे ब्रह्मदेवालाही सापडत नाही.

गिरगावचा_गजा

उनोबद्दल. मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. उनो ५ व्होल्टवर चालतो, दणकट आहे, २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठीच अर्दुइनो सुरू झालं त्यामुळे शिकायचं साहित्य पण ढीगभर. पण उनो आर३ला वायफाय नाही, रॅम फक्त २ केबी. तुम्हाला गच्चीवरचा आकडा तळमजल्यावर पायजे म्हणजे वायरलेस आलंच, मग उनोला वेगळं मॉड्यूल जोडत बसा. ईएसपी३२मध्ये वायफाय, ब्लूटूथ दोन्ही आत, रॅम ५२० केबी. माझ्या मते बरोबर घेतलाय. कुणीतरी आता रास्पबेरी पाय पिको का नाही असं विचारेल, तो पण छान आहे, बटण दाबून लावला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो, फाइल टाकली की सुरू, पण साध्या पिकोला पण वायफाय नाही, डब्ल्यूवाला घ्यावा लागतो. घेतलाय तो वापरा.

टाकीवाली (विक्रोळी)

चाललं!!! केबलच होती. भाचीच्या हार्ड डिस्कची केबल लावली, सीपी२१०२ निघाली, ड्रायव्हर टाकल्यावर पोर्ट आला, बूट बटण दाबून अपलोड पण झालं, निळी लाइट लुकलुकतेय आणि मुलगा दर दोन मिनिटांनी तिचा स्पीड बदलायला लावतोय. पण सिरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर दिसतो त्या खिडकीत, चिनी-जपानी असलं काहीतरी येतंय. आणि सेन्सरला व्हिडिओत चारही वायरी सरळ बोर्डाला लावल्यात, मी पण तसंच करू ना?

कुर्ला_स्लो

सिरियल मॉनिटरच्या कोपऱ्यात स्पीड ९६०० असेल, तो ११५२०० करा, सगळं वाचता येईल.

वायरमन_काका

ताई, थांबा, सरळ लावू नका. मी जन्मभर पॅनलचं काम केलंय, व्होल्टेज बघितल्याशिवाय वायर लावायची नाही. एचसी-एसआर०४ ला ५ व्होल्ट लागतात आणि त्याची इको नावाची पिन ५ व्होल्टच परत देते. ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या. लगेच जळेल असं नाही, व्हिडिओवाल्याचं चाललं असेल, पण आपल्या हाताने कशाला बोर्डाचं आयुष्य कमी करायचं.

असं करा. सेन्सरचा व्हीसीसी (पॉवरची पिन) बोर्डाच्या व्हीआयएन पिनला, तिथे यूएसबीचे साधारण ५ व्होल्ट मिळतात. ग्राउंड ग्राउंडला. ट्रिग (सेन्सरला आवाज सोडायला सांगणारी पिन) सरळ डी२६ला. इकोमधून १ के रेझिस्टर घेऊन डी२७ला या आणि त्याच डी२७वरून २ के रेझिस्टर ग्राउंडला. ५ व्होल्टचे दोन तृतीयांश झाले, म्हणजे ३.३. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांची वस्तू, २ के नाही मिळाला तर १ केचे दोन एकापुढे एक लावा. १२ नंबरला काही जोडू नका, चालू होताना त्या पिनवर व्होल्टेज सापडलं की बोर्ड उठतच नाही. ३४, ३५ आणि व्हीपी, व्हीएन ह्या फक्त इनपुटच्या, तिथे ट्रिग चालणार नाही.

हिशोब सोपा. आवाज जाऊन परत यायला किती मायक्रोसेकंद लागले त्याला ५८ ने भागा, सेंटिमीटर मिळतात. ५८०० आले तर पाणी सेन्सरपासून १ मीटर खाली.

आता दुसरी गोष्ट, हा सेन्सर टेबलावर शिकायला ठीक, टाकीत नाही. त्याचे दोन डोळे उघडे असतात, आतल्या वाफेने गंजून जातील. टाकीसाठी जेएसएन-एसआर०४टी नावाचा वॉटरप्रूफ मिळतो, एकच डोळा आणि लांब वायर. पण त्याला साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, तेव्हा टाकी काठोकाठ भरली तरी पाणी त्याच्यापासून तेवढं लांब राहील असा उंच बसवा, नाहीतर ऐन ओव्हरफ्लोच्या वेळी तो आकडे काहीतरीच सांगेल. त्याचीही इको ५ व्होल्टचीच, रेझिस्टर तिथेही लागणार.

आणि खरं सांगू का, नुसता ओव्हरफ्लो थांबवायचा असेल तर पंपाच्या स्टार्टरला फ्लोट स्विच लावा, पाणी वर आलं की पंप बंद, बोर्डही नको आणि कोडही नको.

गिरगावचा_गजा

काका, बरोबर आहे पण मग त्या शिकणार काय :) आणि टाकी अर्धी आहे की पाव हे फ्लोट स्विच सांगत नाही, उन्हाळ्यात पाणीकपात लागली की तेच महत्त्वाचं.

वायरमन_काका

दोन्ही लावा की. आकडा बोर्ड दाखवेल, पंप फ्लोट बंद करेल. फक्त बोर्डाने रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावून पंप चालू-बंद करायचं सध्या डोक्यातनं काढा. तिथे मेन लाइन आहे, ओली गच्ची आहे, आणि सोसायटीचा पंप बहुतेक थ्री फेजचा असतो. स्टार्टरमधलं काम लायसनवाल्या वायरमनकडूनच.

टाकीवाली (विक्रोळी)

काका, मनापासून थँक्यू, पंपाला हात लावत नाही. रेझिस्टर शनिवारी आणते. शेवटचं, आमची बिल्डिंग सात मजली आहे, घरचं वायफाय चौथ्या मजल्यावर, ते गच्चीवर अजिबात पोचत नाही. मग?

कुर्ला_स्लो

राउटर सोडाच. अजून एक ईएसपी३२ घ्या, दोन बोर्ड एकमेकांशी ईएसपी-नाऊने थेट बोलतात, मध्ये इंटरनेट नको की पासवर्ड नको, आणि दोन-चार आकडे पाठवायला ते भरपूर झालं. पण सात स्लॅब आडवे आहेत, सरळ खाली पोचेल ह्याची गॅरंटी नाही. डबे-बिबे विकत घ्यायच्या आधी एक बोर्ड पॉवर बँकेवर गच्चीत ठेवा, दुसरा लॅपटॉपला लावून एकेक मजला खाली उतरा, कुठे तुटतं ते कळेल. जिन्याच्या मोकळ्या भागातून किंवा डक्टच्या बाजूने जास्त लांब जातं. पाचव्या मजल्यावर तुटलं तर मध्ये कुणाच्या तरी दारात तिसरा बोर्ड ठेवून पुढे पाठवायचं.

वरचा डबा प्लास्टिकचाच घ्या, लोखंडी डब्यात सिग्नल कोंडतो. आणि वायरी डब्याच्या खालच्या बाजूनेच आत घ्या, जुलैत पाणी वायरीवरनं ओघळत बरोबर भोकातनं आत शिरतं.

टाकीवाली (विक्रोळी)

पाचव्यावर सेक्रेटरीच राहतात. विचारते त्यांना.