कुत्र्यानं मायच्या गुडघ्याच्या गोळ्या खाल्ल्या, काय करू?

पऱ्हाटीवाला (घाटंजी तालुका), स. ११.४०
भाऊ, लवकर सांगजा. आज वेचणी आहे. मायनं शिदोरीच्या फडक्यातच तिच्या गोळ्या बांधल्या होत्या आणि फडकं धुऱ्यावरच्या बाभळीले टांगलं. आमच्या वाघ्यानं ते ओढून पाडलं. भाकर-ठेचा तर गेलाच, गोळ्याही गेल्या. पाकीट १० चं, २ मायनं काल घेतल्या, ४ मातीत सापडल्या. म्हणजे ४ त्याच्या पोटात. पाकिटावर आयबुप्रोफेन ४००, पॅरासिटामॉल ३२५ लिहिलं आहे. अर्धा तास झाला असन. सध्या तर शेपटी हालवून रायला. वेचणाऱ्या बाया म्हणतात, मिठाचं पाणी पाज, सगळं बाहेर येते. पाजू का?

गोठ्यातला म्हातारा, ११.४६
मीठ अजिबात नको! ओकारी नाही झाली तर तेच मीठ रक्तात चढतं, झटके येतात. तेल, दूध, ताक काहीच नको, घशात बोटंही घालू नका. मी ३० वर्षं सरकारी पशुदवाखान्यात काढली, आता निवृत्त आहे. वजन किती?

पऱ्हाटीवाला, ११.४८
मागच्या महिन्यात कापसाच्या काट्यावर पोरांनी गंमत म्हणून उभं केलं होतं. १४ किलो.

गोठ्यातला म्हातारा, ११.५३
आयबुप्रोफेन झालं १६००, म्हणजे किलोमागे ११४ मिलिग्रॅम. कुत्र्यात २५ च्या आसपासच जठराला जखमा होऊ शकतात, १७५ च्या पुढं किडनी जाते. पॅरासिटामॉल किलोमागे ९३ मिलिग्रॅम. ७५ ते १०० च्या पुढं लिव्हरची भीती. किडनीच्या आकड्याखाली आहात म्हणून बसून राहू नका, दोन्ही औषधं एकदम गेलीत. शेपटी हालते यावर जाऊ नका, लक्षणं उशिरा दिसतात.
ओकारीचं इंजेक्शन साधारण दोन तासांच्या आत कामाचं. म्हणून आत्ता निघा, वेचणी राहू द्या. पण आधी दवाखान्यात फोन करा, डॉक्टर लसीकरणाच्या फिरतीवर असतात. नाही लागला तर १९६२ लावा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर. ती गाडी मुख्यतः गाई-बैलांसाठी, तरी विचारायला काय जातं. फाटकं पाकीट सोबत न्या.

ढवळ्याचा धनी, दु. १२.१०
माह्यं कुत्रं लंगडत होतं, तं मीच त्याले तीन दिवस डायक्लोफेनॅकची, म्हंजे दुखण्याची, गोळी भाकरीत चारली. चौथ्या दिवशी डांबरासारखी काळी संडास. वाचलं, पण आठवडाभर सलाईन. आमच्या डॉक्टरनं लय झापलं. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्येच बंद झालं, मेलेली ढोरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, अन मी माणसाचं उचलून देल्लं. काळी संडास, रक्ताची ओकारी दिसली का पुन्हा पळजा.

गोठ्यातला म्हातारा, १२.१४
हिरड्याही बघत राहा. गुलाबी हव्यात. मातकट किंवा निळसर झाल्या तर समजा पॅरासिटामॉलचं विष चढलं. आणि घरात मांजर असेल तर तिच्यासाठी एक गोळीसुद्धा जीवघेणी.

पऱ्हाटीवाला, सायं. ७.१५
पोत्यात बसवून मोटरसायकलवर नेलं, लहान भावानं मागं धरलं. इंजेक्शनवर ओकला. भाकर, मिरचीच्या बिया, पांढरा चुरा, पाकिटाच्या चांदीचा एक तुकडा. मग काळी कोळशाची पावडर पाजली, सलाईन लावलं. दोन दिवस रोज आणा म्हणले, पोटाचं औषध वेगळं देल्लं. हिरड्या गुलाबी आहेत, दर तासाले ओठ वर करून पायतो, आता तो गुरगुरते.
माय सकाळपासून गोळी न घेताच आहे. पाकीट दवाखान्यात राहिलं.