मदत हवी आहे: एकांकिकेच्या तालमीला बेळगावात रविवारची जागा

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी आम्ही मराठी एकांकिका बसवतोय. संहिता ठरली, पात्रंही ठरली. अडलंय ते तालमीचं.

निम्मी टीम खानापूर, निपाणी, संकेश्वरकडून रोज ये-जा करते. पाच वाजले की मुलींचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. बस चुकली तर घरचे पुन्हा तालमीला पाठवणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच आहे. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही, तेव्हा प्रश्न पैशाचा नाही, वेळेचा आहे. म्हणून संध्याकाळ नकोच.

कॉलेजचा हॉल रविवारी बंद असतो. मित्राच्या गच्चीवर करून पाहिलं, पावसाने उधळलं. व्हिडिओ कॉलवर वाचन होतं, पण हालचाली बसत नाहीत. नाट्यगृहाचं भाडं झेपणारं नाही.

रविवारी सकाळी दहा ते दोन, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाता येईल अशी, डोक्यावर छप्पर असलेली मोकळी खोली पुरे. माईक, खुर्च्या काही नको. झाडलोट आम्ही करू, लाइटबिलाचे पैसेही देऊ.

अशी जागा देणारं गल्लीतलं मंडळ, वाचनालय किंवा शाळा कुणाला माहीत आहे का? आणि परवानगीसाठी तिथे नेमकं कुणाला भेटायचं?